कुठल्या बोटाला?

रात्री अडीच-तीनच्या सुमाराला आमच्या घरात बांगड्या वाजायला लागल्या, ती गोष्ट तुळशीच्या लग्नानंतरची. वाजवणारी मीच. उजवा हात असा काही भरून यायचा, की उठून तो झटकल्याशिवाय सुटका नसायची. पलंगाच्या कडेला बसायचं, थर्मामीटर झटकतात तसा हात झटकायचा, चोळायचा, खाली लोंबता सोडायचा. पाचेक मिनिटांत मुंग्या ओसरायच्या. "झोपू दे की गं," असं म्हणून हे पांघरूण डोक्यावर ओढायचे. शेवटी मी झोपताना बांगड्या काढून ठेवायला लागले. या दुखण्यावर केलेला माझा पहिला इलाज तो.

मी ब्लाऊज शिवते. नाशिकला सिडकोत, त्रिमूर्ती चौकापासून चालत पाच मिनिटांवर, घराच्या पुढच्याच खोलीत शिलाईचं मशीन आहे आणि एक इंटरलॉकचं. तेवीस वर्षं झाली. लग्नसराईत दिवसाला सहा-सात ब्लाऊज, त्यात अर्धे अस्तराचे, म्हणजे कापड दुप्पट कापायचं. शिवण्यापेक्षा कात्रीच हाताला जास्त खाते. त्यामुळे मुंग्या आल्या तर नवल काय, असं मी धरूनच चालले होते. माझी नणंद निफाडकडे दिलीय. त्यांच्या बागेत विरळणीला येणाऱ्या बायका दिवसभर बारीक कात्रीने द्राक्षाच्या घडातले मणी काढत असतात. संध्याकाळी डबे आवरताना त्या सहज म्हणतात, "आज हात मेला." कुणी दवाखान्यात जात नाही. हात मेला तर मेला, सकाळी परत जिवंत होतो.

माझा मात्र हळूहळू सकाळीही होईना. स्कूटीवर द्वारका चौकापर्यंत जाईतो हँडलवरचा हात बधिर व्हायचा. फोन कानाला लावून बोलताना व्हायचा. पोळी लाटताना व्हायचा. मग घरोघरचे वैद्य सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या वात आहे, रात्री तेल चोळून शेकत जा. शेजारच्या काकूंनी गॅसवर ढकललं. मेडिकलवाल्याने ताकदीच्या लाल गोळ्या दिल्या. त्या मी अडीच महिने खाल्ल्या. फरक एवढाच, की लघवी पिवळीधमक झाली.

त्यानंतर एका डॉक्टरांकडे गेले. नाव-गाव सांगत नाही, कारण तक्रार एकट्या त्यांची नाही. मी खुर्चीवर टेकून "हाताला मुंग्या येतात" एवढं म्हणेपर्यंत त्यांनी मानेच्या एक्स-रेची चिठ्ठी लिहिली होती. एक्स-रेत मणके झिजलेले निघाले. पट्टा मिळाला, दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या, आणि त्या गोळ्यांनी होणाऱ्या पित्तावर आणखी एक गोळी. पट्टा घालून कापड कापता येत नाही, कारण मान खाली जात नाही. तरी मी तीन आठवडे तो घातला. गिऱ्हाइकं विचारायची, "काकू, अॅक्सिडेंट झाला का?" मुंग्या होत्या तशाच. पन्नाशीला आलेल्या बहुतेकांच्या मानेचा एक्स-रे काढला तर थोडीफार झीज दिसतेच, आणि झीज दिसली म्हणजे मुंग्या तिथूनच येतात असं नाही, हे मला फार नंतर कळलं.

यानंतरचं लिहायला जड जातं.

फाल्गुनातली गोष्ट. सकाळी साडेसातला माझ्या धाकट्या दिरांचा फोन आला. ते अंबडला कंपनीत आहेत, वय एक्कावन्न. म्हणाले, "वहिनी, तुमच्यासारखंच झालंय मला. उजव्या हाताला मुंग्या. कप सुटला हातातून." आवाज जरा जाड येत होता. मला वाटलं, नेहमीसारखी तंबाखू धरली असेल दाढेत. मी काय सांगितलं? "भाऊजी, हात अंगाखाली आला असेल झोपेत. झटका जरा, तेल लावा, जाईल." मी अनुभवी ना! चार महिने मुंग्या काढलेली बाई.

त्यांनी तेल लावलं, पडून राहिले. जाऊबाई बाजारातून साडेबाराला परत आल्या तेव्हा तोंड एका बाजूला ओढलेलं होतं आणि उजवा पाय उचलत नव्हता. दवाखान्यात पोचेपर्यंत दीड वाजला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत गुठळी निघाली. तिथल्या डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. भाऊजींना सहा होऊन गेले होते. ह्यांनी घरी येऊन मला सगळं सांगितलं. फोनचं तेवढं काढलं नाही. मीही काढलं नाही. जाऊबाईंना आजही माहीत नाही, की सकाळी भाऊजींनी पहिला फोन मला केला होता.

आता वाटतं, भाऊजींना एवढंच म्हणायला हवं होतं, "आरशासमोर जा आणि हसून बघा, दोन्ही हात वर करून बघा, तुमचा पत्ता सांगा मला." तोंड वाकडं झालं, एक हात खाली आला किंवा बोलणं अडखळलं, तर तेल नाही, झटकणं नाही, सरळ १०८. माझा त्रास चार महिने रोज रात्री येऊन जायचा. त्यांचा एका सकाळी एकदम आला होता, हाताबरोबर शब्दही घेऊन गेला होता. दोन्हींना आपण मुंग्याच म्हणतो.

त्या आठवड्यात मी एका फिजिशियन बाईंकडे गेले. खरं म्हणजे हातासाठी गेलेच नव्हते, भीतीने गेले होते. मलाही तेच होणार असं डोक्यात बसलं होतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि चार महिन्यांत कुणीच विचारलं नव्हतं ते विचारलं.

"कुठल्या बोटाला?"

"सगळ्याच."

"करंगळीलासुद्धा?"

मला सांगता येईना. स्वतःचा हात, त्यावर घर चालतं, आणि करंगळीला मुंग्या येतात का ते माहीत नाही. बाई म्हणाल्या, "ताई, आज औषध देत नाही. घरी कागदावर हात ठेवून पेन्सिलीने कडा काढा. तीन दिवस जिथे जिथे मुंग्या येतील तेवढीच जागा रंगवा. किती वाजता आल्या आणि तेव्हा काय करत होता, तेही लिहा."

पेपर कटिंग तर माझं रोजचं. खाकी कागदावर पंजा आखला आणि उशाशी ठेवला. पहिल्या रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट रंगवलं. करंगळीला हात लावून पाहिला, ती चक्क जागी होती, टवटवीत. अनामिकेचं कोडं मात्र दुसऱ्या रात्री सुटलं. त्या एकाच बोटाची मधल्या बोटाकडची बाजू बधिर होती आणि करंगळीकडची शाबूत. बोटाच्या मधोमध कुणी टीप मारावी तशी हद्द. मी ह्यांना उठवून दाखवलं. ते म्हणाले, "बरं," आणि झोपले.

कागद पाहून बाई हसल्या. "ही हद्द मनगटातल्या नसेची. मानेतून नस दबली असती तर बहुतेक वेळा दंडापासून कळ आली असती, मान वळवल्यावर वाढली असती. कोपरापाशी दबली असती तर उलट करंगळी गेली असती आणि अंगठा राहिला असता."

तपासलं मात्र सगळंच. दोन्ही हातांची पाठ एकमेकींना लावून, मनगटं वाकवून, उलटा नमस्कार करून एक मिनिट थांबायला सांगितलं. माझ्या मुंग्या वीस सेकंदांतच आल्या. मनगटावर बोटाने टकटक केलं तर मधल्या बोटाच्या टोकापर्यंत करंट. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दोन्ही हातांचा शेजारी ठेवून दाखवला, तेव्हा दिसलं की उजवा चपटा झालाय. कपडे शिवताना लोकांच्या अंगाचा इंचन्‌इंच मोजते मी. माझ्या हाताचं माप बदललेलं मला दिसलं नव्हतं. मग हातोडीने गुडघे, कोपरं. तळपायाला कापूस. शेवटी पाठ आणि हात उजेडात धरून कातडीवर फिकट, बधिर चट्टा आहे का ते पाहिलं. मी चमकले. बाई शांतपणे म्हणाल्या, "कुष्ठरोगातही आधी नसाच धरतात. लाजून लोक लपवतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, वेळेवर घेतलं तर बोटं वाचतात. म्हणून पाहते सगळ्यांचं."

रक्त दिलं. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी ५.९ आली. साडेसहाला मधुमेह म्हणतात, ५.७ पासून काठावर, म्हणजे मी काठावर. थायरॉईड ठीक. तो कमी पडला तरी मनगटात सूज धरून असंच होतं, गरोदरपणातही होतं. बी-१२ जीवनसत्त्व ठीक. आणि त्या लाल गोळ्यांचं पाकीट पाहून बाईंनी ती बंदच करायला लावली. म्हणाल्या, यातलं बी-६ जास्त ताकदीचं महिनोन्‌महिने खाल्लं तर त्यानेच मुंग्या येऊ शकतात. म्हणजे मी मुंग्यांवर मुंग्यांचं औषध घेत होते.

मग नसांची तपासणी, एनसीव्ही. तिची मला धास्ती होती, कारण शॉक देतात हे ऐकलं होतं. देतात, पण चिमटा बसल्यासारखे. मनगटावर झटका द्यायचा आणि तो बोटापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते मशीनवर मोजायचं. खोलीत एसी होता आणि माझा हात गार पडलेला. गार हातात नस मुळातच हळू चालते, आकडा खोटा येतो, म्हणून त्या मुलीने आधी गरम पाण्याच्या पिशवीने हात शेकवला. सासूबाईंच्या शेकाला शेवटी असा मान मिळाला. निदान झालं: कार्पल टनेल सिंड्रोम, उजवीकडे मध्यम ते जास्त, डावीकडे सुरुवात.

मनगटात हाडांची एक पन्हळ आहे आणि तिच्यावरून ताणलेला जाड पट्टा. त्या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि ही एक नस जाते. जागा आधीच कमी, दोऱ्या सुजल्या की दाब येतो नसेवर. मला हे लगेच कळलं. ब्लाऊज घट्ट झाला की आपण शिवण उसवून आतली माया सोडतो. मनगटाला देवाने मायाच ठेवलेली नाही. आणि रात्रीच का, तर झोपेत आपण मनगट दुमडून घेतो.

म्हणून पहिला उपाय साधा होता. मनगट सरळ ठेवणारा पट्टा, रात्रभर, सहा आठवडे. मानेच्या पट्ट्यावरून माझं मन उडालं होतं, पण या पट्ट्याने दहाव्या रात्रीपासून झोप लागायला लागली. वैशाख आला नसता तर कदाचित भागलंही असतं. चैत्र-वैशाखात कात्री बाजूला ठेवणं मला परवडत नाही. बाईंनी रागावून पाहिलं आणि पाहायचं सोडून दिलं.

मध्येच सासूबाईंचं सांगायला हवं, कारण एकाच घरात दुसऱ्या जातीच्या मुंग्या निघाल्या. सासूबाई माळकरी. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दरवर्षी जातात. त्या वर्षी परत आल्या तेव्हा एका पायात चप्पल होती, दुसरी कुठे सुटली याचा पत्ता नाही. सगळ्यांनी हसून घेतलं. माझे रिपोर्ट आणायला त्या सोबत आल्या होत्या. बाईंना मी सहज चपलेचं सांगितलं, तशा त्या गंभीर झाल्या. "आजी, चालताना कापसावरून चालल्यासारखं वाटतं?" वाटत होतं, वर्षभर. दोन्ही पायांना, मोजे घातल्यासारखं घोट्यापर्यंत, आणि आता बोटांच्या टोकांनाही. बारा वर्षं साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू, जोडीला पित्ताची गोळी कायमची, खाणं शुद्ध शाकाहारी, त्यातही दूध नकोसं. या सगळ्यांनी बी-१२ कमी पडतं. तपासलं तर १३८. दोनशेच्या खाली म्हणजे कमीच. साखरेने नसा गेल्या असतील म्हणून घरात कुणी पाहिलंच नव्हतं, आणि थोडा वाटा साखरेचाही असेल. पण बी-१२ भरून काढता येतं. बाईंनी अंड्याचं नाव काढताच सासूबाईंचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. मग इंजेक्शनं ठरली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. साखरेची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, असं दोनदा बजावलं. सात-आठ महिन्यांत तोल सुधारला. टाचेखालची जाणीव सगळी आली नाही. उशीर झाला की नस जेवढी देईल तेवढंच घ्यायचं, असं बाई म्हणाल्या.

त्या दिवशी निघताना मी विचारलंच, "मग पळत यायचं कधी?" भाऊजींचं त्यांना माहीत होतं. एकदम आलेलं, अर्ध्या अंगाचं, बोलण्या-दिसण्यात फरक असलेलं, ते तर झालंच. हातातल्या मुंग्यांबरोबर छातीत दडपण आणि घाम असेल तरी थांबायचं नाही. पडल्यावर, मानेला मार बसल्यावर मुंग्या आल्या, किंवा चाल बिघडली, लघवीवरचा ताबा गेला, तरी नाही. पायांपासून सुरू होऊन दोन-चार दिवसांत अशक्तपणा वर वर चढत गेला तरी नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला गुलेन-बारीचे एवढे रुग्ण निघाले होते, तो हाच आजार. तो श्वासापर्यंत जाऊ शकतो. बाकी माझ्यासारख्यांनी पळत नाही, पण महिने घालवूनही यायचं नाही. वस्तू हातातून पडायला लागल्या, हूक लावता येईना, बधिरपणा येऊन-जाऊन न राहता मुक्कामाला आला, की समजायचं नस आता थकतेय. माझ्या हातातून टाचण्यांची डबी तीनदा सांडली होती. मी डबीला नावं ठेवली होती.

जूनमध्ये मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. चार-पाच दिवस साखर वर गेली, पण मुंग्या अशा गेल्या की मला वाटलं संपलं. दिवाळीच्या शिलाईत परत आल्या. तेव्हा शस्त्रक्रिया ठरली आणि तारीख मी मागितली पौषातली. पौषात लग्नं नसतात.

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. फक्त हात बधिर केला होता, मी जागी होते. पडद्यापलीकडे काय चाललंय ते दिसत नव्हतं, ओढल्यासारखं जाणवत होतं. वीसेक मिनिटांत मनगटातला तो जाड पट्टा कापून नसेला जागा करून दिली आणि संध्याकाळी मी घरी. त्या रात्री टाके ठणकत होते, पण तीन वाजता मुंग्यांनी उठवलं नाही. बाराव्या दिवशी टाके काढले. तळव्याच्या बुडाशी दाबलं की दुखायचं ते दोन-अडीच महिने चाललं, पोळ्या ह्यांनी केल्या, त्याबद्दल न बोललेलं बरं. कात्री दीड महिन्याने धरली, तीही आधी अस्तरावर. अंगठ्याचा उंचवटा अजून पूर्ण भरला नाही. मधल्या बोटाच्या टोकाला अजून जाडसर वाटतं, सुई टोचली तर कळायला क्षणभर उशीर होतो, म्हणून हातशिलाईला अंगुस्तान घालते. पूर्वी कधी घातलं नव्हतं.

भाऊजी आता काठी न घेता चालतात. बोलणं परत आलंय, शब्द शोधावे लागतात. मागच्या महिन्यात पँटची लांबी कमी करून घ्यायला आले होते. चहा डाव्या हाताने घेतला. मी माप घेताना म्हणाले, "वहिनी, तुमचा हात बरा झाला ना?" मी हो म्हटलं आणि टाचण्या तोंडात धरल्या, म्हणजे पुढे बोलावं लागत नाही.

डावा हात हल्ली पहाटे एखाद्या वेळी भरून येतो. खाकी कागदावर तोही आखून ठेवलाय. करंगळी कोरी आहे. रात्री पट्टा बांधते, आणि बाईंकडची तारीख आषाढी एकादशीनंतरची घेतलीय. तेव्हा कामही कमी असतं.